‘प्रति’ या शब्दातलं गणित: गाडी किती जाईल, किती पिईल?

घाटाच्या पायथ्याशी गाडीच्या पॅनेलवर आकडा होता ३६०. म्हणजे टाकीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी अजून ३६० किलोमीटर जाईल. ३० किलोमीटरांचा चढ संपवून माथ्यावर आलो, तेव्हा त्याच जागी २१० दिसत होतं. शेजारी बसलेल्या भाचीने लगेच हिशोब मांडला. “मावशी, आपण आलो तीस किलोमीटर, आणि आकडा उतरला दीडशेने. मधले एकशेवीस गेले कुठे? टाकी गळतेय का?”

टाकी गळत नव्हती. ‘चढाला पेट्रोल जास्त लागतं’ असं सांगून मला सुटता आलं असतं, पण ते अर्धंच उत्तर झालं असतं, कारण एकशेवीस किलोमीटरांपुरतं पेट्रोल चढाने खाल्लेलंच नव्हतं. पूर्ण उत्तरासाठी एक साधं हत्यार नीट हातात धरावं लागतं. ते आपण सगळे पाचवी-सहावीत शिकलो, आणि बहुतेकांनी ते परीक्षेनंतर दप्तरातच ठेवून दिलं.

‘प्रति’ म्हणजे भागाकार

समजा, गाडी २४ लिटर पेट्रोलवर ४८० किलोमीटर धावली. ४८० ला २४ ने भागलं की २० येतात. गाडी लिटरला २० किलोमीटर जाते. ‘इतक्यांना इतके’ या माहितीवरून ‘एकाला किती’ हे काढणं, एवढीच ही युक्ती. त्या उत्तराला एकक दर म्हणतात, शाळेत याच रीतीला एकमान पद्धत म्हणायचे. यापुढे मी नुसतं ‘दर’ म्हणेन.

मराठीत हा भागाकार किती रूपांनी वावरतो ते पाहा. ताशी साठ, दरडोई उत्पन्न, लिटरला वीस, डझनामागे दोन, दरसाल दरशेकडा आठ. ‘प्रति’, ‘दर’, ‘मागे’, ‘ताशी’, नुसता ‘ला’ प्रत्ययसुद्धा. यातलं काहीही कानावर पडलं की तिथे एक भागाकार आहे असं समजावं. कशाला कशाने भागलंय हेही त्या शब्दातच असतं. ‘लिटरला वीस किलोमीटर’ म्हणजे किलोमीटर भागिले लिटर.

या प्रश्नांची आपल्याकडची जुनी रीत त्रैराशिकाची. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त ती आहे, आणि आर्यभटाने तर सहाशेहून अधिक वर्षं आधीच ती श्लोकात बसवली होती. तीन राशी दिलेल्या असतात: प्रमाण, फल आणि इच्छा. २४ लिटर हे प्रमाण, ४८० किलोमीटर हे त्याचं फल, आणि आता टाकीत उरलेले ७ लिटर ही इच्छा. फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा: ४८० गुणिले ७ भागिले २४, उत्तर १४०. एकमान पद्धत तेच करते, फक्त भागाकार आधी उरकते. आधी भागल्याने हाती येणारा २० हा आकडा गाडीचा स्वभाव सांगतो. तो एकदा कळला की ७ लिटर असोत की ३१, दर वेळी नुसता गुणाकार पुरतो.

एकाच गाडीचे दोन दर

भागाकार उलटाही करता येतो. २४ लिटरला ४८० किलोमीटरांनी भागलं तर किलोमीटरमागे ०.०५ लिटर येतात. हा आकडा फार छोटा, म्हणून शंभराच्या मापाने बोलतात: १०० किलोमीटरला ५ लिटर. युरोपात गाड्यांची माहिती याच पद्धतीने देतात. ‘लिटरला २०’ आणि ‘शंभराला ५’ ही दोन्ही वाक्यं एकाच गाडीबद्दल अगदी तेच सांगतात.

मग कोणतं वापरायचं? माझा नियम सोपा आहे. जे तुमच्याकडे आहे, ते ‘एक’ धरा. टाकीत ७ लिटर आहेत आणि कुठवर जाऊ हे हवंय, तर एका लिटरचा दर घ्या. ३२० किलोमीटर जायचंय आणि किती भरू हे हवंय, तर किलोमीटरचा दर घ्या: ३.२ शतकं गुणिले ५, म्हणजे १६ लिटर. दोन्ही वेळा गुणाकारच होतो. गुणायचं की भागायचं हा गोंधळ बहुधा चुकीचा ‘एक’ धरल्यामुळे होतो.

दुसऱ्या दराचं एक चित्र मला फार आवडतं. घनफळाला लांबीने भागलं की क्षेत्रफळ उरतं. लिटर हे घनफळ आणि किलोमीटर ही लांबी, म्हणजे ‘शंभराला ५ लिटर’ हे खरं तर क्षेत्रफळ आहे! गणित केलं तर ते ०.०५ चौरस मिलिमीटर भरतं. ते कशाचं? कल्पना करा, रस्त्याभर पेट्रोलचा एक सलग धागा पसरलाय आणि गाडी तो गिळत पुढे चाललीय. त्या धाग्याच्या छेदाचं हे क्षेत्रफळ. धागा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. एवढ्याशा धाग्यावर टनभर वजनाची गाडी पळते. शंभराला १० लिटर पिणाऱ्या गाडीचा धागा दुप्पट क्षेत्रफळाचा, चढावर धागा जाड होतो, उतारावर बारीक. पुढे जिथे जिथे दर बदलेल, तिथे हा धागा डोळ्यांसमोर आणा.

दरांची साखळी

वेग हाही दरच, किलोमीटर भागिले तास. ताशी ६० ने अडीच तास गेलो तर १५० किलोमीटर. इथे एक चूक मी शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही पाहिली आहे: २ तास १५ मिनिटं ही २.१५ तास म्हणून कॅल्क्युलेटरवर मारली जातात. तासाचे भाग साठ असतात, शंभर नव्हेत. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, म्हणून २.२५. आपल्या पावकी-निमकीत ही चूक होतच नसे, ‘सव्वादोन तास’ म्हटलं की काम झालं.

दोन दर एकमेकांना जोडताही येतात. गाडी ताशी ६० ने जातेय आणि लिटरला २० देतेय. तर तासाला किती पेट्रोल? ६० किलोमीटर प्रति तास भागिले २० किलोमीटर प्रति लिटर: किलोमीटर किलोमीटरशी कटतात, उरतं लिटर प्रति तास, आणि आकडा ३. टाकी ३५ लिटरांची असेल तर ती ११ तास ४० मिनिटं पुरेल आणि तेवढ्यात गाडी ७०० किलोमीटर जाईल.

आकड्यांसारखीच एककंही कटतात, आणि गणित तपासायची याहून चांगली खूण मला माहीत नाही. समजा, चुकून भागायच्या जागी गुणलं. ६० गुणिले २० म्हणजे १२००, पण कशाचे? ‘वर्ग किलोमीटर भागिले तास-लिटर’. असं काही जगात कोणाला हवं नसतं. एककांचीच भेळ झाली तर आकड्याकडे बघायचीही गरज नाही.

पण मग दोन दरांची सरासरी काढली तर काय बिघडलं?

आपण गाडीच्या मायलेजला सर्रास ‘ॲव्हरेज’ म्हणतो. “तुझी किती ॲव्हरेज देते?” ॲव्हरेज म्हणजे सरासरी, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात नसतं, आणि नेमकी सरासरीच इथे फसवते.

आधी वेगाचं बघू. १२० किलोमीटर गेलात ताशी ६० ने, परत आलात ताशी ४० ने. सरासरी वेग ५० वाटतो. पण जायला लागले २ तास, यायला ३. २४० किलोमीटर भागिले ५ तास, म्हणजे ताशी ४८. हळू चालण्यात आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून हळू वेगाचं वजन जास्त पडतं.

आता आमचा तो घाट. चढताना लिटरला १० पडले, उतरताना ३०. सरासरी २०, म्हणजे सपाटीवर पडतात तितकेच, तर घाटाने काही तोटाच केला नाही? ३० किलोमीटर चढायला ३ लिटर लागले, ३० उतरायला १ लिटर. ६० किलोमीटरांना ४ लिटर, म्हणजे लिटरला १५. चढाने जे खाल्लं ते उतार पुरतं परत देत नाही.

दरांची सरासरी काढायची असेल तर दर बाजूला ठेवा आणि मुळाशी जा: एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. ते नेहमी बरोबर येतं. दरांची सरळ सरासरी फक्त तेव्हाच चालते, जेव्हा तळाचं माप दोन्हीकडे सारखं असतं, म्हणजे दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चाललात किंवा दोन्ही वेळा सारखेच लिटर जाळले.

आपल्या गाडीचा खरा दर याच तत्त्वाने काढतात. पंपावर टाकी फुल करा, ट्रिपमीटर शून्यावर आणा, आणि नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. या दुसऱ्या वेळी जेवढे लिटर गेले, तेवढेच मधल्या प्रवासात जळलेले. हा हिशोब दोन-चार वेळा करा, पण एकेका वेळचे दर काढून त्यांची सरासरी करू नका. एकदा २० लिटरवर ३०० आणि दुसऱ्यांदा २५ लिटरवर ५०० किलोमीटर झाले तर दर आहे ८०० भागिले ४५, म्हणजे १७.८, १५ आणि २० यांच्या मधला १७.५ नाही. टाकी बरीच रिकामी झाल्यावरच भरा हेही महत्त्वाचं. नोझल अर्धा लिटर आधी थांबलं तर २० लिटरच्या हिशोबात चूक अडीच टक्क्यांची, ५ लिटरच्या हिशोबात तीच १० टक्क्यांची.

गाडीने कापलेलं अंतर दाखवणारा ओडोमीटरसुद्धा दरच वापरतो, हे सहसा लक्षात येत नाही. तो रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.८८ मीटर पुढे जातं, म्हणजे किलोमीटरला साधारण ५३० फेरे. टायर झिजून व्यास ५९ वर आला की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जवळपास पावणेदोन टक्के कमी जाते, पण ओडोमीटर जुन्याच दराने मोजत राहतो. झिजलेल्या टायरची गाडी कागदावर थोडं बरं ॲव्हरेज देते, ते असं.

लिटरला किलोमीटर हा आकडा डोळ्यांना फसवतो

दोन घरं आहेत. एका घराने लिटरला ८ देणारी जुनी गाडी काढून १० देणारी घेतली. दुसऱ्याने २० देणारी काढून ४० देणारी घेतली. दोघांचं वर्षाचं धावणं सारखंच. इंधन कोणाचं जास्त वाचलं?

बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता दुसऱ्याचं म्हणतात. १००० किलोमीटरांचा हिशोब करा. पहिल्या घराला आधी १२५ लिटर लागायचे, आता १००. दुसऱ्याला आधी ५०, आता २५. दोघांचीही बचत बरोबर २५ लिटर!

लिटर इथे तळाशी आहे, भाजकात. भाजक बदलला की उत्तर सरळ रेषेत बदलत नाही. ८ वरून १० ही उडी दिसायला किरकोळ, पण तिथे धागा मुळातच जाड होता, म्हणून थोडा बारीक झाला तरी खूप वाचलं. अमेरिकेतल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम मांडला. तिथे गॅलनला मैल (एमपीजी) असा आकडा देतात, म्हणून त्यांनी भ्रमाला नावही त्यावरूनच दिलं: ‘एमपीजी इल्युजन’. २०१३ च्या मॉडेलांपासून तिथल्या नव्या गाड्यांच्या लेबलवर ‘१०० मैलांना किती गॅलन’ हा आकडाही छापला जातो. मला हे मनापासून पटतं. गाडी निवडताना दुकानदार लिटरला किलोमीटर सांगेल, तुम्ही तो आकडा उलटा करून घ्या: १०० ला त्याने भागलं की झालं. कोणती गाडी बदलणं जास्त निकडीचं आहे, ते उलट्या आकड्यातच खरं दिसतं. सगळ्यात आधी बदलावी ती सगळ्यात जास्त पिणारी, भले ती थोडीच सुधारो.

पण कंपनीचा आकडा आणि माझा आकडा जुळत का नाही?

कारण दर हा गाडीचा एकटीचा नसतो, तो गाडी अधिक परिस्थिती यांचा असतो. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत मिळतो: गाडी चाकांखाली फिरणाऱ्या रोलरांवर उभी, ठरलेलं तापमान, वेग कधी किती वाढवायचा-घटवायचा याचं ठरलेलं वेळापत्रक. युरोपातलं जुनं वेळापत्रक इतकं संथ होतं की रस्त्यावरचा खप त्याहून सर्रास जास्त निघे, म्हणून २०१७ पासून त्याच्या जागी अधिक कडक चाचणी आणली. तरी कोणतीही एक चाचणी तुमचा रोजचा रस्ता नसतेच. तिचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला होतो, कारण दोघींना परीक्षा सारखी असते.

परिस्थितीतले दोन घटक नीट समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला वेग. गाडीला अडवणाऱ्या हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० म्हणजे वेग सव्वापट, पण हवेचा अडथळा सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीहून जास्त. टायरांचं घर्षण त्यामानाने फारसं वाढत नाही, म्हणून एकूण खप दीडपट होत नाही. पण महामार्गावर हवा हाच मोठा हिस्सेदार असतो, त्यामुळे फरक चांगला जाणवतो. याचा अर्थ जितकं हळू तितकं बरं, असाही नाही. फार हळू गेलात तर इंजिन स्वतःला फिरवत ठेवण्यात जे इंधन खातं, त्याचा वाटा दर किलोमीटरला वाढत जातो.

दुसरा घटक तोच, टोकाला नेलेला: सिग्नलला उभी गाडी. किलोमीटर शून्य, पेट्रोल चालू. त्या क्षणी तिचं ॲव्हरेज शून्य असतं आणि ‘शंभराला किती लिटर’ हा आकडा तर काढताच येत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. इथे दराचा तळच बदलावा लागतो. उभ्या इंजिनाचा खप तासावर मोजायचा; छोट्या मोटारीचा तो साधारण अर्धा ते एक लिटर असतो. समजा, २० किलोमीटरांच्या शहरातल्या फेरीत चालताना १ लिटर गेलं आणि मधे एकूण अर्धा तास गाडी उभी राहिली, तासाला ०.६ लिटर या दराने. आणखी ०.३ लिटर गेले. २० भागिले १.३, म्हणजे लिटरला १५.४. गाडी तीच, पाव हिस्सा मायलेज रहदारीने नेलं.

तर एकशेवीस किलोमीटर गेले कुठे?

आता भाचीच्या प्रश्नाकडे. पॅनेलवरचा ‘अजून किती जाल’ हा आकडा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: टाकीत उरलेले लिटर गुणिले अलीकडच्या प्रवासातला दर. पायथ्याशी १८ लिटर होते आणि मागचा सपाट रस्ता लिटरला २० ने झाला होता, म्हणून ३६०. चढात ३ लिटर गेले, उरले १५. मागचं थोडं सपाट आणि आत्ताचा चढ मिळून अलीकडचा दर १४ वर घसरला. १५ गुणिले १४, म्हणजे २१०.

आकडा दीडशेने उतरला, त्याचे तुकडे असे. जळलेले ३ लिटर सपाटीच्या दराने ६० किलोमीटरांचे: ३० आपण खरंच आलो ते, ३० चढाने जास्तीचे खाल्ले ते. उरलेले ९० कुठेच गेले नाहीत. १५ लिटर टाकीत सुखरूप आहेत, फक्त प्रत्येक लिटरकडून यंत्राची अपेक्षा ६ किलोमीटरांनी खाली आली. पंधरा सक नव्वद. यंत्राला पुढचा रस्ता दिसत नाही. सगळा रस्ता आत्तासारखाच असेल असं ते धरून चालतं.

घाट उतरलो तेव्हा उलटं झालं. ३० किलोमीटर उतरायला १ लिटर लागलं, उरले १४, अलीकडचा दर चढून १८ झाला. पॅनेलवर २५२. तीस किलोमीटर चालून आकडा बेचाळीसने वाढला होता. या वेळी भाचीने काही विचारलं नाही, बोटांवर चौदा अठरा करून पाहिले.

मग टाकी किती भरायची?

६४० किलोमीटरांचा प्रवास, लिटरला २०, तर ३२ लिटर. हे उत्तर गणितात बरोबर आणि रस्त्यावर धोक्याचं. नियोजनाला सरासरी दर घेऊ नये, आपल्या नोंदीतला सगळ्यात वाईट दर घ्यावा. तो १६ असेल तर ४० लिटर. आणि आकडे जवळच्या पूर्णांकात बसवताना लागणारं इंधन वर ढकला, जाणारं अंतर खाली.

विमानांचा राखीव साठा किलोमीटरांत सांगतच नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जेट विमानाने उतरताना शेवटची निदान ३० मिनिटं पुरेल एवढं इंधन शिल्लक ठेवायचं असतं, पिस्टन इंजिनाच्या विमानाने ४५ मिनिटं. कारण सरळ आहे. गाडी बाजूला घेऊन बंद करता येते, विमान हवेत थांबू शकत नाही. विमानतळावर धावपट्टी मोकळी होईपर्यंत घिरट्या घालताना ते कुठेच पोहोचत नसतं, पण वेळ जातच असतो. म्हणून तिथे ‘एक’ हे मिनिट.

तळ बदलला की प्रश्नच बदलतो, याची आणखी दोन उदाहरणं घाईने सांगते. लिटरला ४ किलोमीटर जाणारी बस गाडीपुढे उधळी वाटते. तिच्यात ४० माणसं असली तर एका लिटरमध्ये १६० प्रवासी-किलोमीटर होतात. एकट्याने चालवलेल्या आपल्या गाडीत २० च. पाच जणांची बस आणि एकट्याची गाडी मात्र बरोबरीत येतात. दुसरं धुराचं: एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे आपल्या गाडीचा किलोमीटरला ११५ ग्रॅम. लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग धूर तिप्पट कसा, असं कोणी विचारेल. वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे. १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम होऊन बाहेर पडतो.

पण हे सगळं यंत्र करतंच की!

करतं, आणि बहुतेक वेळा बरोबर करतं. मात्र दरातली एककं माणसाने नीट सांगितलेली असली तरच. मैल आणि गॅलन यांचं बघा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरांचा, अमेरिकी ३.७८५ लिटरांचा. लिटरला २० देणारी आपली गाडी अमेरिकी मापात गॅलनला ४७ मैल जाते आणि ब्रिटिश मापात ५६. गाडीत काहीच फरक नाही, पण दोन्ही आकड्यांवर ‘गॅलनला मैल’ हीच पाटी.

असाच घोळ २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात झाला. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. देश तेव्हा मेट्रिक मापांकडे वळत होता आणि त्या कंपनीत किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारी ही पहिलीच जात. इंधनाचा काटा बिघडलेला, म्हणून टाक्यांतली पातळी हाताने मोजली: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरांचे किलो करायचे होते. त्या इंधनाचा दर लिटरला ०.८०३ किलो. कागदावर वापरला गेला १.७७. हा आकडाही खराच होता, पण लिटरला पौंडांचा.

७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७, आणि ते ‘किलो’ समजले गेले. उरलेल्या ८,७०३ ‘किलोंसाठी’ त्याच दराने ४,९१६ लिटर भरले. खरे लागणार होते २०,०८८ लिटर. विमानातल्या संगणकात २२,३०० किलो हा आकडा माणसांनी भरला, आणि संगणक त्यावरून पुढचं सगळं बिनचूक करत गेला. प्रत्यक्षात टाक्यांत त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, काहीही चुकलं नव्हतं. चुकली होती ती दराची पाटी. ‘हलक्या इंधनाचं लिटर पाण्याच्या लिटरपेक्षा जड कसं?’ एवढा प्रश्न पुरला असता: पाण्याचं लिटर एक किलोचं, आणि कागदावर इंधनाचं पावणेदोन किलोंचं.

४१,००० फुटांवर इंधनाचे इशारे वाजू लागले. आधी एक इंजिन थांबलं, मग विमान खाली येत असताना दुसरं. आता विमान म्हणजे ६९ माणसांसह घसरत चाललेलं एक ग्लायडर. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांनी ते आधीच विनिपेगकडे वळवलं होतं. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी हिशोब सुरू केला. उंची काट्यावर दिसत होती, कापलेलं अंतर जमिनीवरचे नियंत्रक रडारवर पाहून सांगत होते. दहा सागरी मैलांत विमान ५,००० फूट खाली आलं होतं. दहा सागरी मैल म्हणजे सुमारे ६०,७६० फूट. त्याला ५,००० ने भागा. एक फूट उतरताना साधारण बारा फूट पुढे. राहिलेल्या उंचीला बाराने गुणल्यावर येणारं अंतर विनिपेगला पुरत नव्हतं. गिम्लीच्या जुन्या हवाई तळापर्यंत मात्र पुरत होतं. ते तिकडे वळले, आणि सगळेच्या सगळे ६९ जण जिवंत उतरले.